औषध दिलं की बरं, थोड्या दिवसांत पुन्हा तेच: होमरच्या ढाबळीतला आजार परत का येतो?

होमर, म्हणजे शर्यतीची कबुतरं पाळणाऱ्या कबुतरवाल्यांचे फोन बहुतेक एकाच साच्यातले असतात. "घशात पिवळं दिसलं होतं, गोळ्या दिल्या, साफ झालं. आता परत तेच." नाहीतर, "शीट हिरवी पाणचट झाली होती, पावडर पाण्यातून दिली, चार दिवस मस्त उडाली, आता पुन्हा अंग फुगवून बसलीत." आणि लगेच पुढचा प्रश्न: "याहून जालीम काही आहे का?"

जालीम औषधाकडे वळण्याआधी एक आकडा लागतो, आणि नेमका तोच कुणी लिहून ठेवलेला नसतो. मागचा डोस संपल्यापासून त्रास परत दिसेपर्यंत किती दिवस गेले? रेसिंग होमरच्या ढाबळीत पुन्हा पुन्हा उद्भवणारे बरेचसे त्रास परजीवींचे असतात आणि प्रत्येक परजीवीचं चक्र ठरलेल्या दिवसांत फिरतं. ते दिवस कळले की संशयित दोन-तीनच उरतात.

आठवड्याच्या आत परत आलं, तर एक तर औषध लागूच पडलेलं नाही (रोग वेगळा होता किंवा पोटात पुरेसं गेलं नाही), नाहीतर कॉक्सिडिया, म्हणजे आतड्यातला एकपेशीय परजीवी आहे. त्याचं पोटातलं चक्र पाच-सहा दिवसांचं. तीन-चार आठवड्यांनी परत आलं, तर केसासारखे बारीक जंत, म्हणजे कॅपिलारिया. कबुतरमाशीही साधारण याच अंतराने नव्याने बाहेर पडते. सहा आठवड्यांच्या आसपास पुन्हा अंग उतरलं, तर मोठे गोल जंत, ॲस्कारिडिया. दिवसांशी संबंध नाही, पण प्रत्येक विणीत पिल्लं आठ-दहा दिवसांची झाली की घोटाळा होतो, तर कँकर, म्हणजे घशातला पिवळ्या थराचा रोग, आणि तो पिल्लांचा नाही, आई-बापाचा. फक्त टॉस (सरावासाठी लांब नेऊन सोडणं) किंवा बास्केट (नेण्याची टोपली) यांनंतरच बिघडतं, तर आतला दबलेला रोग ताणाने वर आलाय किंवा शेजारच्या कबुतराने दिलाय. हवा, गर्दी, कबुतराचं वय यांनी हे दिवस मागेपुढे होतात. पण शोध कुठून सुरू करायचा ते कळतं, आणि तेवढं कळलं तरी निम्मी औषधं वाचतात.

त्यामुळे ढाबळीच्या दारालाच एक वही आणि पेन्सिल टांगा. तारीख, औषध, किती दिलं, कुठल्या खणातली कबुतरं बसली, म्हातारी की याच वर्षीची. मोबाइलमध्ये नोंद ठेवतो म्हणणाऱ्यांची नोंद मी अजून पाहिलेली नाही.

कँकर: गोळी पिल्लाला, रोग आई-बापात

परत फिरण्यात कँकरचा हात कुणी धरणार नाही. ट्रायकोमोनास गॅलिनी नावाचा एकपेशीय जीव घशात आणि क्रॉपमध्ये (गळ्याखालच्या दाण्याच्या पिशवीत) राहतो. मोठ्या कबुतरांपैकी बरीचशी तो बाळगून असतात आणि दिसायला ठणठणीत असतात. पिल्लाला पहिल्या दिवसापासून जे कबुतराचं दूध भरवलं जातं, त्यातूनच तो पुढच्या पिढीत जातो. म्हणून सातव्या-आठव्या दिवशी पायात ओळखीची रिंग घालायला पिल्लू हातात घेतलं की चोच उघडून घसा बघायची सवय लावा. कडेला चीजसारखा पिवळा थर, कुबट वास, चोचीतून लोंबणारा चिकट धागा दिसला तर त्या पिल्लाला औषध द्याच, पण थांबू नका. ही जोडी पुढच्या विणीलाही तेच देणार आहे.

मोठ्या कबुतरात पिवळं दिसेलच असं नाही. ते पाणी जास्त पितं, शीट सैल आणि हिरवट होते, टॉसवरून शेवटी येतं, आल्यावर चोच उघडी ठेवून धापा टाकतं. याला बरेच जण "फॉर्म गेला" म्हणतात आणि व्हिटॅमिन वाढवतात.

औषधाची योग्य वेळ कुठली, तर जोडी अंड्यावर असताना. अंडी १७-१८ दिवसांत फुटतात. बसल्यापासून दहाव्या दिवसाच्या सुमारास नर-मादी दोघांचा कोर्स सुरू केला तर पिल्लं बाहेर यायच्या आत तो संपतो. पिल्लं भरवत असताना पाण्यातून औषध देणं मला पटत नाही. तेव्हा आई-बाप नेहमीपेक्षा कितीतरी जास्त पाणी पितात, त्यामुळे औषधही तितकंच जास्त पोटात जातं. डायमेट्रिडाझोल या कँकरच्या औषधाच्या बाबतीत हे धोक्याचं आहे: जास्त झालं की कबुतर झोकांड्या खातं, मान सावरत नाही, आणि मालक समजतो मानमोडी (मान वळवणारा विषाणूचा रोग) आली. रोनिडाझोल त्या मानाने सुरक्षित. कार्निडाझोलची १० मिलिग्रॅमची गोळी मोठ्या कबुतराला एकदाच द्यायची असते, मिळाली तर सोय चांगली, कारण कुठल्या कबुतराच्या पोटात किती गेलं याचा हिशेब राहतो. आपल्याकडे बहुतेकांच्या हाताशी माणसांची मेट्रोनिडाझोलची गोळी असते. तिचे तुकडे अंदाजाने करण्याऐवजी पशुवैद्यकाकडून वजनावर डोस काढून घ्या. होमर अर्धा किलोच्या आतबाहेर असतो, आणि ४०० मिलिग्रॅमची गोळी माणसासाठी केलेली आहे.

आता या जीवाची एक कमजोरी, जिच्याकडे फारसं कुणी लक्ष देत नाही. ट्रायकोमोनासला टणक कवचाची अवस्था नसते. तो ओलाव्यातच जगतो, वाळला की मेला. म्हणजे पाण्याच्या भांड्यांचे दोन संच ठेवा; एक आत, दुसरा घासून गच्चीवर उन्हात कोरडा पडलेला, आणि रोज सकाळी अदलाबदल. खर्च काही नाही आणि महागड्या पावडरीपेक्षा उपयोग जास्त. चोचीतून पडलेले दाणे पाण्यात कुजत असतील तर तिथे तो जास्त टिकतो, म्हणून भांडं दाण्याच्या ट्रेपासून लांब आणि वरून झाकलेलं हवं. गच्चीवर होमरच्या आंघोळीसाठी ठेवलेल्या टबात दुपारी सोसायटीतले पारवे डुंबत असतील तर घरातल्या औषधोपचाराला काही अर्थ राहत नाही. ब्रिटनमध्ये २००५ नंतर ग्रीनफिंच नावाचे बागेतले छोटे पक्षी मोठ्या संख्येने मेले, ते याच परजीवीने. एकत्र खाण्यापिण्याच्या जागा हे पसरण्याचं एक मुख्य कारण होतं. तेव्हा टब संध्याकाळी उलटा करून ठेवायचा, हा नियम.

एवढं वाचून कुणी दरमहा सगळ्या ढाबळीला कँकरचं औषध सुरू करेल म्हणून सांगतो: करू नका. थोडा संसर्ग अंगात असलेली कबुतरं त्याच्याशी जुळवून घेतात आणि प्रतिकारशक्ती धरतात. सतत अर्धवट डोस दिले की औषधाला न जुमानणारे परजीवी तयार होतात. नेदरलँड्स आणि बेल्जियममध्ये रेसिंग कबुतरांतच असे परजीवी सापडलेले आहेत. विणीत जोडी अंड्यावर असताना एकदा आणि रेसच्या हंगामाआधी तपासून गरज असेल तर एकदा, एवढं पुरतं.

तपासायचं कसं

घशातलं पिवळं नेहमी कँकरचंच असतं असं नाही. कबुतरांच्या देवी रोगाचा ओला प्रकारही तोंडात तसाच थर धरतो. काडीने खरवडून बघू नका, रक्त येतं आणि जखमेत दुसरं काहीतरी शिरतं. खात्री सूक्ष्मदर्शकाखालीच होते, आणि ती परीक्षा सोपी आहे.

कापसाचा बारीक बोळा कोमट सलाइनमध्ये ओला करायचा. एकाने कबुतर छातीशी धरायचं, दुसऱ्याने चोच उघडून बोळा जिभेच्या मागून, श्वासाचं छिद्र टाळून, अलगद क्रॉपपर्यंत नेऊन दोन वेढे फिरवायचा. काचपट्टीवर सलाइनचा एक थेंब, त्यात बोळा दाबून फिरवायचा, वर कव्हरस्लिप (पातळ काच), आणि लगेच आधी १०० पट, मग ४०० पट मोठं करून बघायचं. ट्रायकोमोनास असला तर नासपतीच्या आकाराचे ठिपके जागच्या जागी झटके देत, अडखळत सरकताना दिसतात. ओळख त्या हालचालीवरूनच पटते. स्लाइड गार झाली की ते थांबतात आणि मग पेशींच्या कचऱ्यातून वेगळे काढता येत नाहीत. म्हणूनच घरून बोळा डबीत घालून लॅबमध्ये नेला की "काही नाही" असा रिपोर्ट येतो. बोळा नेऊ नका, कबुतर न्या.

शिटेसाठी मिठाचं पाणी वापरतात. उकळत्या पाण्यात मीठ विरघळायचं थांबेपर्यंत घालायचं, गार करून गाळून बाटलीत भरायचं. वाटाण्याएवढी ताजी शीट त्यात कालवायची, गाळणीतून (ही गाळणी पुन्हा स्वयंपाकघरात जायची नाही) छोट्या नळीत काठोकाठ भरायची, इतकी की पाणी वर फुगलेलं दिसेल. त्यावर कव्हरस्लिप ठेवून १५-२० मिनिटं थांबायचं आणि ती सरळ उचलून काचपट्टीवर. अंडी हलकी म्हणून वर चढतात आणि काचेला चिकटतात. कॉक्सिडियाचे उसिस्ट (शिटेतून पडणारी त्याची अंड्यासारखी अवस्था) लहान, गोलसर, दुहेरी रेघेच्या कडेचे. कॅपिलारियाचं अंडं लांबट, दोन्ही टोकांना बूच बसवल्यासारखं. ॲस्कारिडियाचं मोठं, लंबगोल, जाड गुळगुळीत कवचाचं. पट्टकृमी या पद्धतीने सहसा हुकतो. त्याचे पांढरे तांदळासारखे तुकडे ताज्या शिटेत डोळ्यांनीच शोधावे लागतात.

जुना सूक्ष्मदर्शक चार कबुतरवाल्यांनी मिळून घेतला तरी वर्षाच्या औषधांच्या खर्चात बसतो. नाहीतर मुंबईत परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय, साताऱ्याच्या वाटेवर शिरवळचं, पुण्यात औंधचा रोग अन्वेषण विभाग ही ठिकाणं आहेतच. शिटेचा नमुना एका कबुतराचा नेऊ नका. पहाटे चार-पाच खणांतून थोडी थोडी ताजी शीट घेऊन एका पिशवीत भरा, उन्हात न ठेवता त्याच दिवशी पोचवा.

ओली फरशी

जून ते सप्टेंबर कॉक्सिडियाचे दिवस. शिटेतून बाहेर पडलेला उसिस्ट लगेच रोग देत नाही. ऊब, हवा आणि ओलावा मिळाला तर एक-दोन दिवसांत तो पिकतो, मग दाण्याबरोबर पोटात गेला की चक्र पुन्हा सुरू. पावसाळ्यात या तिन्ही गोष्टी आपण त्याला फुकट देतो. त्यात भर म्हणजे स्वच्छतेच्या हौसेने ढाबळ रोज पाण्याने धुणारी मंडळी! बाहेर हवा दमट, फरशी संध्याकाळपर्यंत ओली, आणि आत कॉक्सिडिया मजेत. फिनाइल, डेटॉल यांनी उसिस्टला फारसं काही होत नाही. त्याला मारते ती आग आणि वाफ, आणि थोपवतो तो कोरडेपणा.

म्हणून पावसाळ्यात ढाबळ धुवायची नाही, रोज पत्र्याने खरवडायची. आदल्या दिवशीची शीट आज निघाली तर उसिस्टला पिकायला वेळच मिळत नाही. सिमेंटच्या फरशीवर आणि लोखंडी जाळीवर पंधरवड्याने ब्लो टॉर्च फिरवा, कबुतरं बाहेर असताना आणि लाकडी खणांपासून जपून. फरशीवर विझवलेल्या चुन्याची पातळ भुरभुर दिली तर ओल शोषली जाते. कळीचा चुना मात्र नाही, पाय भाजतात. सगळ्यात चांगलं म्हणजे खाली जाळीची फळी, शीट खाली पडेल आणि कबुतराची चोच तिथे पोचणार नाही.

आणि पाऊस आत येतो म्हणून चारही बाजूंनी ताडपत्री बांधू नका. अमोनिया साठतो, डोळ्यांना पाणी येतं, सर्दी सुरू होते. वरून दोन वीत जागा उघडी हवीच.

औषधांबद्दल दोन गोष्टी. अँप्रोलियम कोंबड्यांच्या दुकानात सहज मिळतं आणि चालतं, पण ते काम करतं व्हिटॅमिन बी-१ च्या जागी घुसून. त्याच दिवसांत बी-कॉम्प्लेक्स पाजलं तर औषध आपणच निकामी करतो. कोर्स संपल्यावर द्या. टोल्ट्राझुरिलचं द्रावण तीव्र अल्कधर्मी असतं, त्या पाण्यात व्हिनेगर टाकायचं नाही. व्हिनेगरचा विषय निघालाच आहे तर: जस्ताच्या पत्र्याच्या भांड्यात ते कधीच नको, आंबट पाण्यात जस्त उतरतं आणि विषबाधा होते. प्लास्टिक किंवा मातीचं भांडं वापरा.

शिटेत तुरळक उसिस्ट सापडले म्हणून औषध सुरू करायची घाई नको. धडधाकट मोठ्या कबुतरात थोडे असतातच. पिल्लं अंग फुगवून बसली आहेत, शीट पातळ आहे, छातीचं हाड हाताला धारदार लागतंय आणि स्लाइडवर गर्दी आहे, असं सगळं जुळलं तर द्या.

जंत आणि अल्बेंडाझोलची गोळी

हा भाग नीट वाचा, कारण इथे कबुतरं औषधाने मरतात.

जंत म्हटलं की आपल्या घरात शाळेतल्या मुलांची अल्बेंडाझोलची गोळी आठवते. स्वस्त, गोड, कुठेही मिळणारी. कबुतरांना ती मानवत नाही. अल्बेंडाझोल आणि त्याच जातीतलं फेनबेंडाझोल, दोन्ही कबुतरांच्या अस्थिमज्जेवर आणि आतड्याच्या अस्तरावर घाव घालतात. पिसं झडून नवी येत असताना दिलं तर ती पिसं वाकडी, चिमटलेली येतात, आणि रेसरच्या पंखातली दोन पिसं अशी आली की तो हंगाम गेला. कोंबडीला चाललं म्हणून कबुतराला चालेल हे गृहीत धरू नका.

लेव्हामिसोल गोल जंतांवर चांगलं. त्याने कबुतरं उलट्या करतात, तेव्हा रिकाम्या क्रॉपवर द्या आणि घाबरू नका. पट्टकृमीला प्राझिक्वांटेल लागतं, बाकीच्यांनी तो जात नाही.

आयव्हरमेक्टिनचं गणित एकदा कागदावर करून बघा. गाई-म्हशींचं १ टक्क्याचं इंजेक्शन म्हणजे १ मिलिलिटरमध्ये १० मिलिग्रॅम. पक्ष्यांचा नेहमीचा डोस किलोला ०.२ मिलिग्रॅम. अर्धा किलोच्या होमरला लागतं ०.१ मिलिग्रॅम, म्हणजे त्या बाटलीतलं ०.०१ मिलिलिटर. ड्रॉपरचा एक थेंब साधारण ०.०५ मिलिलिटरचा असतो. "मानेवर एक थेंब टाकतो" म्हणणारा पाचपट डोस टाकतोय. ते पाण्यात नीट मिसळतही नाही, वर-खाली वेगळं राहतं, त्यामुळे पाण्याने पातळ करून पाजलं तर एका कबुतराला काहीच नाही आणि दुसऱ्याला भरमसाट. पशुवैद्यकाकडून प्रॉपिलीन ग्लायकॉलमध्ये पातळ करून घ्या, नाहीतर पक्ष्यांसाठीचं तयार औषध घ्या.

जंत परत का येतात, याचं उत्तर फरशीत आणि मातीत आहे. औषधाने पोटातले जंत मेले तरी बाहेर पडलेली अंडी ओलसर कोपऱ्यात महिनोनमहिने टिकतात. अंडं रोग द्यायला तयार होईपर्यंत एक ते तीन आठवडे जातात, मग पोटात जंत वाढायला आणखी काही आठवडे. म्हणून औषध दिलेल्या दुसऱ्या दिवशी पूर्ण ढाबळ खरवडून साफ करा, कारण तेव्हा शिटेतून सगळ्यात जास्त अंडी पडतात. तीन-चार आठवड्यांनी पुन्हा तपासणी, अंडी दिसली तर दुसरा डोस. ढाबळीच्या दारात मातीचं अंगण असेल तर वरची चार बोटं माती काढून जाड वाळू किंवा फरशी टाका. मुंग्या, भुंगे, गोगलगायी हे पट्टकृमीचे वाहक. खाली ओलं पोतं पडलं असेल तर उचलून बघा काय काय निघतं.

पिसांतले पाहुणे

कबुतर हातात घेतल्यावर पिसांतून तिरपी पळणारी चपटी काळपट माशी, जी मारायला गेलं की शर्टात शिरते, ती कबुतरमाशी. नुसती चावत नाही, रक्तात हीमोप्रोटिअस नावाचा परजीवी सोडते. अल्जीरियात काम करणाऱ्या सर्जां बंधूंनी १९०६ च्या सुमारास हा माशीचा हात सिद्ध केला. जड संसर्ग झालेला होमर जवळच्या टॉसवर नीट येतो आणि लांबच्या रेसला मागे पडतो, कारण रक्तच पातळ.

ही माशी अंडी घालत नाही. वाढलेली अळी सोडते, ती घरट्याच्या काडीकचऱ्यात काळ्या चकचकीत दाण्यासारख्या कोषात जाते आणि तीन-चार आठवड्यांनी माशी होऊन निघते. तुम्ही कबुतरावर पर्मेथ्रिन हे कीटकनाशक मारता, माशा मरतात, कोष घरट्यात सुखरूप. महिन्याने नवी फौज. तेव्हा घरट्यातला कचरा दर दोन-अडीच आठवड्यांनी काढून जाळायचा, पिल्लं असली तरी. त्यांना हातात घ्या, नवं अंथरा, परत ठेवा. तंबाखूच्या काड्या घरट्याला द्यायची जुनी रीत चांगली आहे. निपाणीकडच्या मंडळींना त्या सहज मिळतात, बाकीच्यांनी कडुनिंबाचा वाळला पाला घालावा, पण त्याच्या भरवशावर साफसफाई टाळू नये.

रात्री कबुतरं अंड्यावरून उठत असतील, पिल्लं फिकी पडत असतील आणि दिवसा काहीच सापडत नसेल तर रात्री बॅटरी घेऊन जा. फळ्यांच्या फटीत आणि खिळ्यांच्या भोवती लाल ठिपके चालताना दिसतील. हे लाल किडे दिवसा कबुतरावर नसतातच, त्यामुळे औषध कबुतराला लावून काही होत नाही, फटींना लावावं लागतं, आणि आठवड्याने परत, कारण त्यांची पिढी आठवडा-दहा दिवसांत उभी राहते. उवांचं मात्र उलट, त्या अंगावरच जगतात. आठवड्यातून एकदा आंघोळ, त्यात पशुवैद्यकाने सांगितलेल्या मापाने पर्मेथ्रिन, एवढ्याने भागतं. गुरांच्या गोचिडांचं औषध अंदाजाने पाण्यात ओतू नका. घरात मांजर असेल तर पर्मेथ्रिन तिच्यापासून लांब.

जे परजीवी नाही त्यावर परजीवीचं औषध

हेही वारंवारचं दुखणं. शीट पाणीपाणी दिसली की कॉक्सिडिया, असं धरून चालतात. शीट जवळून बघा. मधला गोळा घट्ट आणि भोवती स्वच्छ पाण्याचं तळं असेल तर ती हगवण नव्हे, मूत्रपिंडातलं पाणी आहे. नुकतंच बास्केटमधून आलं असेल तर उद्या ठीक होईल. तीन-चार दिवस टिकलं, दाणा टिपताना चोच बाजूला पडायला लागली, मान वळायला लागली, तर ती मानमोडी: कबुतरांचा पॅरामिक्सो विषाणू, कोंबड्यांच्या राणीखेतचा भाऊ. त्यावर औषध नाही. वेगळं ठेवा, खोल वाटीत दाणे भरून द्या म्हणजे चोच चुकली तरी लागेल. बरीच कबुतरं काही आठवड्यांत सावरतात. खरा उपाय लस. मृत विषाणूची लस मानेच्या मागे कातडीखाली, वर्षातून एकदा, हंगामाच्या महिनाभर आधी. कोंबड्यांच्या लासोटा लसीचे थेंब स्वस्त आणि सोपे आहेत, पण कबुतरात त्यांचं संरक्षण कमी आणि थोड्या दिवसांचं.

मान वळलीय आणि पंखाचा किंवा पायाचा सांधा सुजलाय, अंड्यात पिल्लं मरताहेत, तर साल्मोनेला हा जिवाणू. तो उंदीर पसरवतात, म्हणून उंदरांच्या लेंड्या शोधा. कल्चर (लॅबमध्ये जंतू वाढवून तपासणी) करून मगच प्रतिजैविक. त्यातलं एन्रोफ्लॉक्सासिन वाढत्या पिल्लांच्या कूर्चेला बाधतं. एका डोळ्याला पाणी आणि धाप, तर सर्दीचा गट, त्यात डॉक्सिसायक्लिन देतात. त्या दिवसांत ग्रिट (शिंपल्यांची-खड्यांची भरड) काढून ठेवा, कॅल्शियम औषधाला धरून ठेवतं. पापणीवर, चोचीच्या मुळाशी चामखिळी, तर देवी. डास आणतात. खपल्या काढू नका, तीन-चार आठवड्यांत गळतात. पावसाळ्याआधी जाळी लावली असती तर, हा विचार पुढच्या वर्षी करा.

"सगळ्यावर एकच" म्हणून मिळणाऱ्या चार-पाच औषधांच्या मिश्र पावडरी मी ढाबळीत ठेवत नाही. प्रत्येक औषध अर्धवट, कशाने गुण आला ते कळत नाही, आणि पुढच्या वेळी काय देणार?

पाण्यातून औषध देताना

डबीवर लिटरला किती ते लिहिलेलं असतं. ते धरलेलं असतं बेताच्या हवेत, कबुतर दिवसाला ४०-५० मिलिलिटर पितं या हिशेबाने. विदर्भातल्या मे महिन्यात ते दुप्पट पितं. धुवाधार पावसात निम्मंही पीत नाही, त्यातून छतावर साचलेलं पाणी पिऊन येतं. कोर्सच्या दिवसांत बाहेर सोडायचं नाही, आंघोळीचा टब नाही, पालेभाजी नाही, रोज ताजं मिश्रण, आणि रोज संध्याकाळी उरलेलं पाणी मोजायचं. आजारी कबुतर तर पाणीच कमी पितं. त्याला वेगळं काढून तोंडाने द्या. रेसच्या आठवड्यात कुठलंच औषध नाही.

बाहेरून येणारं

वाट चुकलेला रिंगवाला होमर संध्याकाळी गच्चीवर उतरला की आनंद होतो, खरं आहे. चेन्नई-बेंगळुरूकडच्या एखाद्या नामांकित घराण्यातला असेल असंही मनात येतं. तो थकलेला आहे, वाटेत मिळेल ते पाणी प्यालेला आहे. त्याला ढाबळीत सोडू नका. वेगळा पिंजरा, वेगळं भांडं, रिंगवरून मालकाचा शोध. विकत आणलेल्यालाही महिनाभर वेगळं ठेवा, तेवढ्यात दोनदा शीट तपासून होते. त्याचं काम सगळ्यात शेवटी करा आणि नंतर हात धुवा. रेसहून परतलेल्यांना मात्र असं ठेवणं शक्य नसतं, तिथे नजर हाच उपाय: परतल्यावर पाच-सहा दिवसांनी घसा आणि शीट एकदा बघून घ्या.

तुमची छाती

मुंबईत दादरचा कबुतरखाना आरोग्याच्या कारणाने बंद करून २०२५ च्या ऑगस्टमध्ये त्यावर ताडपत्री पडल्यापासून शेजारी कबुतरवाल्यांकडे संशयाने बघतात. त्यांचं सगळंच चूक आहे असं म्हणता येत नाही. वाळलेल्या शिटेची आणि पिसांची धूळ वर्षानुवर्षं छातीत गेली तर फुप्फुसं कडक होण्याचा आजार होतो, आणि कबुतराच्या सर्दीतला क्लॅमिडिया हा जिवाणू माणसालाही न्यूमोनिया देऊ शकतो. खरवडताना एन-९५ मास्क लावा, लहान मुलांना त्या वेळी आत घेऊ नका. सुकी धूळ झाडूने उडवण्याऐवजी खरवडून थेट गोणीत भरा, गोणीचं तोंड बांधा. ढाबळ साफ केल्यावर चार-सहा तासांनी अंगात कसकस, कोरडा खोकला, जिना चढताना दम, असं दोन-तीनदा झालं तर छातीच्या डॉक्टरकडे जा आणि घरात कबुतरं आहेत हे त्यांनी विचारायच्या आधी सांगा.